कवठाची किंमत उणे पाच

सराव चाचणीचे पेपर तपासताना तिसाव्या पेपरानंतर डोकं बाजूला होतं आणि हातच काम करत राहतो. बरोबर, बरोबर, चूक, पद्धतीचा एक गुण, पुढचा पेपर. त्या संध्याकाळी एका उत्तरापाशी हात अडला. वळणदार अक्षरात शेवटची ओळ होती: म = १५.७८, क = –५. खाली पट्टीनं मारलेल्या दोन रेघा आणि शेजारी लिहिलेलं, 'ताळा बरोबर'.

म म्हणजे महाळुंग, क म्हणजे कवठ. कवठाची किंमत उणे पाच काढून, ताळा घेऊन, रेघा मारून एक हुशार मुलगी निर्धास्तपणे पुढच्या प्रश्नाला गेली होती. हुशार म्हणतो ते उगाच नाही. नुसती समीकरणं दिली तर वर्गात सगळ्यांच्या आधी तिची वही पुढे येते.

मी सवयीनं लाल पेननं 'चिन्ह!' लिहिलं आणि पान उलटलं. मग परत मागे आलो, कारण चिन्हाच्या चुकीनं त्या 'ताळा बरोबर'चा उलगडा होत नव्हता.

उदाहरण

उदाहरण माझं नव्हतं. महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रह' या संस्कृत ग्रंथातलं होतं, म्हणजे जवळपास साडेअकराशे वर्षांपूर्वीचं. महावीराचार्य हे जैन गणिती, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले, ग्रंथ इ.स. ८५०च्या सुमाराचा. त्यातल्या मिश्रकव्यवहार या प्रकरणात असे किमतींचे बरेच प्रश्न आहेत. मी वर्गाला दिलेलं मराठी रूप असं:

नऊ महाळुंगं आणि सात सुवासिक कवठं यांची मिळून किंमत १०७ नाणी. सात महाळुंगं आणि नऊ कवठं यांची मिळून किंमत १०१ नाणी. तर एका महाळुंगाची आणि एका कवठाची किंमत वेगवेगळी सांगा.

मूळ श्लोकात 'हे गणितज्ञा, लवकर सांग' अशी हाकही आहे. परीक्षेच्या पेपरात ती घालायचा मोह मी आवरला. वर्गात महाळुंग कुणीच पाहिलेलं नव्हतं, तेव्हा 'जाड सालीचं मोठं लिंबू समजा' एवढं सांगून काम भागवलं. आणखी एक गोष्ट मी महिनाभर आधीपासून सांगत होतो, ती इथं नोंदवायला हवी, कारण पुढे ती माझ्याच अंगाशी आली. 'चलासाठी लक्षात राहील असं अक्षर घ्या. पेनासाठी प, वहीसाठी व. क्ष आणि य घेऊन गोंधळ कशाला?'

पेपरावर काय होतं

तिची पहिली ओळ: समजा, महाळुंग = म, कवठ = क.

मग दोन समीकरणं:

९म + ७क = १०७ … (१)
७म + ९क = १०१ … (२)

इथपर्यंत मी आजवर पूर्ण गुण देत आलो आहे. पुढे तिनं म चा लोप करायचं ठरवलं. (१) ला ७ ने आणि (२) ला ९ ने गुणलं:

६३म + ४९क = ७४९
६३म + ८१क = ९०९

गुणाकार चोख. वजाबाकीसाठी खालच्या ओळीतल्या पदांखाली उणे चिन्हं, तीही तिन्ही ठिकाणी. पहिला स्तंभ उडाला. उजवीकडे ७४९ – ९०९ = –१६०, हेही बरोबर. घोटाळा फक्त मधल्या स्तंभात. तिथं ४९ मधून ८१ जायला हवे होते, म्हणजे –३२क. तिनं लिहिलं ३२क. लहान संख्येतून मोठी संख्या वजा करायची वेळ आली की हात आपोआप मोठ्यातून लहान काढतो. दुसरीपासूनची सवय आहे ती. उजव्या स्तंभात तिनं सवयीला आवर घातला, मधल्या स्तंभात राहिलं. पान जरा उन्हाकडे धरलं तर मधल्या स्तंभाखालचं उणे चिन्ह बारीक, पेन्सिल टेकवून उचलल्यासारखं दिसत होतं.

३२क = –१६०, म्हणून क = –५.

ही किंमत (१) मध्ये ठेवून ९म – ३५ = १०७, ९म = १४२, म = १५.७८.

आणि ताळा: ९ × १५.७८ + ७ × (–५) = १४२.०२ – ३५ = १०७.०२. पुढचे दोन शतांश तिनं 'स्थूलमानाने' म्हणून सोडले होते, आणि ते सोडणं योग्यच होतं.

ताळा खरोखर जुळत होता, आणि याच ताळ्यापाशी माझा बराच वेळ गेला. म काढला तो (१) मधून, आणि ताळाही घेतला (१) मध्येच. म ची किंमत ठरवतानाच आपण समीकरण (१) खरं होईल अशी व्यवस्था केलेली असते. त्यात परत किमती घातल्या की ते खरं होणारच. क म्हणून काहीही घ्या. शंभर घ्या. मग ९म = १०७ – ७०० = –५९३, म सुमारे –६५.८९, आणि (१) मध्ये ठेवा: जुळतं! असा ताळा म काढतानाची आकडेमोड फार तर तपासतो. क बरोबर आहे का, याबद्दल अवाक्षर काढत नाही. तिनं तेच दोन आकडे (२) मध्ये ठेवले असते तर ७ × १५.७८ – ४५ म्हणजे सुमारे ६५.५ आले असते. हवे होते १०१. गाडी तिथंच थांबली असती.

आपण मुलांना 'ताळा घ्या' म्हणतो, कुठल्या समीकरणात घ्या हे सांगत नाही. मी तरी सांगितलं नव्हतं. बहुतेक मुलं (१) मध्येच घेतात, कारण ते वर लिहिलेलं असतं आणि किंमतही त्यातच ठेवलेली असते.

दुसरी गोष्ट त्याहून जवळ होती. ९म = १४२ हे तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. नुसत्या नऊ महाळुंगांचे १४२, आणि कवठं धरून सगळ्याचे १०७. या दोन ओळी कागदावर एकमेकींपासून दोन बोटं अंतरावर होत्या.

मधल्या सुट्टीत

दुसऱ्या दिवशी तिला थांबवून घेतलं. पेपर समोर ठेवला, पण लाल शेऱ्यावर हात ठेवून झाकला.

"क उणे पाच. याचा अर्थ काय गं?"

"कवठाची किंमत, सर."

"म्हणजे मी कवठ घ्यायला गेलो तर काय होईल?"

ती जरा थांबली. मला वाटलं, आता हसेल आणि चूक सापडेल. ती म्हणाली, "उणे म्हणजे कमीच ना, सर? कवठ महाळुंगापेक्षा स्वस्त असणार. म्हणून उणे आलं."

हे उत्तर मी अजून विसरलेलो नाही. तिनं आकड्याला अर्थ लावला होता, आणि लावलेला अर्थ अगदीच टाकाऊही नव्हता. कवठ खरंच स्वस्त आहे. फक्त उणे पाच ही किंमत नसून 'पाचानं कमी' अशी तुलना आहे, असं तिनं वाचलं. उत्तर पाहून ती चमकली नाही याचं कारण निष्काळजीपणा असेल असं मी रात्रभर धरून चाललो होतो. ते चुकीचं होतं.

मग मी मागे गेलो. "बरं, हे ९म म्हणजे काय?"

"नऊ महाळुंगं."

"आणि ७क?"

"सात कवठं."

"नऊ महाळुंगं आणि सात कवठं मिळून किती?"

"सोळा फळं." बोट समीकरणावर होतं. ते उजवीकडे सरकलं आणि थांबलं. "पण इथं तर १०७ लिहिलंय."

त्यानंतर अर्धा मिनिट आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तिचं समीकरण बरोबर होतं आणि तिच्या वाचनात ते खोटं होतं. डावीकडे फळं, उजवीकडे नाणी, मध्ये बरोबरचं चिन्ह. पहिल्या ओळीत 'महाळुंग = म' लिहिलं तेव्हाच हे ठरून गेलं होतं. म ही महाळुंगाची किंमत आहे, एक संख्या आहे, महाळुंग नाही. ९म म्हणजे नऊ महाळुंगांचे पैसे. असं वाचलं तर डावीकडेही नाणी, उजवीकडेही नाणी, आणि मग क = –५ म्हणजे कवठ घेणाऱ्याला दुकानदारच वर पाच नाणी मोजून देतो. फळ उणे पाच असतं की नसतं यावर कुणाचं काही मत असण्याचं कारण नाही. किमतीबद्दल मात्र सगळ्यांनाच मत असतं.

आणि 'लक्षात राहील असं अक्षर घ्या' हे कुणी शिकवलं होतं? महाळुंगाचा म घेतला की तो महाळुंगाचं लघुरूप होऊन बसतो. समीकरण मग वाक्याच्या शॉर्टहँडसारखं दिसतं: नऊ म, सात क, १०७. किमतीच्या साध्या उदाहरणात हे वाचन खपून जातं, कारण शब्दांचा क्रम आणि समीकरणाचा क्रम एकच असतो, म्हणून ते वर्षानुवर्षं लपून राहतं. उघडं पडतं ते दुसरीकडे. 'प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत' हे विधान समीकरणात लिहायला सांगितलं, तर भलीभली माणसं ६व = प असं लिहितात; सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक, असं चित्र डोळ्यांपुढे आणून. १९८०च्या आसपास अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न दिला होता, आणि त्यांतल्या एक तृतीयांशाहून जास्त जणांचं उत्तर चुकलं होतं. हवं असतं व = ६प. इथंही अक्षर वस्तूच्या जागी बसलं, संख्येच्या नाही.

भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास 'बीजगणित' लिहिलं, त्यात पहिल्या अज्ञात राशीला यावत्तावत् म्हटलं आहे. जितकं असेल तितकं. पुढच्या राशींना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना या, का, नी, पी अशी आद्याक्षरं. रंग वापरायची पद्धत त्यांच्याही आधीची, सातव्या शतकातल्या ब्रह्मगुप्तांकडेही ती आहे. मला ही नावं आजवर गमतीची वाटायची. या प्रकरणानंतर त्यातला शहाणपणा दिसला. निळ्याचा कवठाशी काही संबंध नाही, त्यामुळे नी म्हणजे कवठ असं कुणी चुकूनही वाचणार नाही. आणि यावत्तावत् हे नाव तर स्वतःच सांगतं की इथं प्रश्न किती हा आहे, काय हा नाही.

तरी मी वर्गात म आणि क बंद केले नाहीत. अक्षर बदलून पहिली ओळ तशीच राहिली तर 'महाळुंग = क्ष' होईल, एवढंच. बदलली ती ओळ: 'एका महाळुंगाची किंमत म नाणी मानू.' यातला 'एका' गेला तरी गुण जातो, 'किंमत' गेली तरी जातो, 'नाणी' गेली तरी जातो. मुलांनी कुरकुर केली. करू देत.

पेन खाली ठेवून

सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. मी तिला म्हटलं, समीकरणं झाकून ठेव, दोन पाट्या समोर आहेत असं समज. पहिलीत नऊ महाळुंगं, सात कवठं. दुसरीत सात महाळुंगं, नऊ कवठं. पहिलीची दुसरी करायची तर?

"दोन महाळुंगं काढायची, दोन कवठं घालायची."

"पैसे किती कमी झाले?"

"सहा. दोन बदलल्यावर सहा… एक बदललं तर तीन." आणि माझ्या पुढच्या प्रश्नाची वाट न बघता, "म्हणजे महाळुंग तीन नाण्यांनी महाग!"

पुढचं तिचं तिनंच केलं. पहिल्या पाटीतली नऊच्या नऊ महाळुंगं बदलून कवठं घातली तर प्रत्येकामागे तीन असे २७ कमी होतील. उरले ८०, आणि पाटीत सोळा कवठं. एक कवठ पाचाला. महाळुंग आठाला. ताळा दोन्ही पाट्यांत: ७२ + ३५ = १०७, ५६ + ४५ = १०१.

या वाटेनं गेलं तर उणे पाच येऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही, वजाबाकी इथंही चुकू शकते. पण प्रत्येक पायरीवर हातात एक वस्तू आणि तिचे पैसे असतात, त्यामुळे चूक झाली तर ती लगेच वेडीवाकडी दिसते. दोन्ही पाट्यांत सोळा फळं आहेत हे एकदा दिसलं की आणखी काही फुकटात मिळतं. पहिल्या पाटीत एका फळाला सरासरी १०७ भागिले १६, म्हणजे पावणेसातच्या जरासे खाली पडतात. तेव्हा एका फळाची किंमत त्याच्या वर, दुसऱ्याची खाली. शिवाय नऊ महाळुंगांचे १०७ हून जास्त होऊ शकत नाहीत, म्हणजे महाळुंग बाराच्या आत. आता १५.७८ कडे बघा.

नाणी पूर्णांकात आहेत असं धरलं तर गंमत आणखी पुढे जाते. एकट्या पहिल्या समीकरणाला, किंमत शून्याहून जास्त हवी ही अट घालून, दोनच उत्तरं आहेत: महाळुंग ८ आणि कवठ ५, किंवा महाळुंग १ आणि कवठ १४. दुसऱ्या खरेदीचं काम मग एवढंच उरतं की दोघांतून एक निवडायचं, आणि त्यासाठी 'महाळुंग महाग आहे' एवढी कुजबुजही पुरली असती. ही वाट कुट्टकाकडे, म्हणजे अशी पूर्णांकी उत्तरं शोधण्याच्या जुन्या भारतीय पद्धतीकडे जाते. तो विषय त्या दिवशी मी काढला नाही.

पुन्हा समीकरणांकडे

पाट्यांची युक्ती प्रत्येक उदाहरणात चालत नाही, आणि तसं भासवणं मला आवडत नाही. फळांच्या संख्या ११ आणि ४, दुसरीकडे ३ आणि १३ अशा असत्या तर मनातल्या मनात बदलाबदली करत बसण्यापेक्षा लोप पद्धत बरी. इथं चालली, कारण सहगुणकांची अदलाबदल आहे: ९ आणि ७, मग ७ आणि ९. अशी जोडी दिसली की मुलांनी गुणाकार करण्याआधी एकदा बेरीज आणि एकदा वजाबाकी करावी.

बेरीज: १६म + १६क = २०८, म्हणून म + क = १३.
वजाबाकी: २म – २क = ६, म्हणून म – क = ३.

सोळा वेळा तेरा आणि दोन वेळा तीन. यात ६३, ८१, ९०९ असले आकडे येतच नाहीत, आणि ७क – ९क करताना मोठ्यातून लहान काढायची सवय आडवी आलीच, तर म + क = ३ येऊन ते वरच्या तेराशी लगेच भांडतं.

महावीराचार्यांचा नियम मात्र याहून वेगळा आहे. मोठ्या एकूण किमतीला मोठ्या संख्येनं गुणा, त्यातून लहान किंमत गुणिले लहान संख्या वजा करा, आणि दोन्ही संख्यांच्या वर्गांच्या फरकानं भागा. १०७ × ९ = ९६३, १०१ × ७ = ७०७, फरक २५६. वर्गांचा फरक ८१ – ४९ = ३२. २५६ भागिले ३२, आठ. गुणकांची अदलाबदल केली की दुसरी किंमत: १०१ × ९ – १०७ × ७ = ९०९ – ७४९ = १६०, भागिले ३२, पाच.

३२ आणि १६०. दोन्ही तिच्या पेपरावर होते.

निश्चयक शिकलेल्या मुलांना हे ओळखीचं वाटेल, आणि वाटायलाच हवं. छेद ९ × ९ – ७ × ७, अंश १०७ × ९ – ७ × १०१. गॅब्रिएल क्रेमर या स्विस गणितीनं १७५०मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत याच उदाहरणाला हेच आकडे येतात. क्रेमरची पद्धत कुठल्याही सहगुणकांना चालते, महावीराचार्यांचा हा नियम अदलाबदलीच्या जोडीपुरता आहे. तेव्हा 'आपल्याकडे आधीच होतं' म्हणून छाती फुगवण्यात अर्थ नाही. पण वर्गांच्या फरकानं भागायचं हे नऊशे वर्षं आधी कुणाला तरी सुचलं होतं, हे मुलांना सांगायला मला आवडतं. आणि छेदात फरक आहे, हे दाखवायलाही. दोन्ही संख्या सारख्याच असत्या, नऊ-नऊ आणि नऊ-नऊ, तर छेद शून्य झाला असता.

त्याच धाग्यानं मी तिला घरी एक प्रश्न दिला: पहिली खरेदी तीच, आणि दुसरी १८ महाळुंगं, १४ कवठं, २१४ नाणी. दुसऱ्या दिवशी तक्रार आली. "सर, सगळंच उडालं. शून्य बरोबर शून्य." उडणारच; दुसऱ्या खरेदीनं नवीन काही सांगितलंच नव्हतं, पहिलीच दोनदा सांगितली. मग २१४ ऐवजी २०० केले. आता शून्य बरोबर चौदा. इथं तिनं मान वर न करता म्हटलं, "दुप्पट घेतलं म्हणून चौदा सोडले असतील." हे गणिताच्या पुस्तकातलं उत्तर नाही, पण मला ते पुस्तकातल्या उत्तराइतकंच पटलं. 'विसंगत समीकरणे' असं आपण म्हणतो तेव्हा अर्थ एवढाच की दोन्ही वेळा एका फळाचा भाव एकच होता हे धरलेलं गृहीत मोडलं. किमतीच्या शाब्दिक उदाहरणात हे गृहीत कुठंच लिहिलेलं नसतं.

बैल आणि मेंढ्या

आठवड्यानं तिला आणखी एक जुनं उदाहरण दिलं, चीनमधलं. 'गणितकलेची नऊ प्रकरणे' या नावानं ओळखला जाणारा प्राचीन ग्रंथ आहे. त्यावर ल्यू ह्वेईनं इ.स. २६३मध्ये टीका लिहिली, म्हणजे मूळ ग्रंथ त्याहून जुना. त्याचं आठवं प्रकरण संपूर्ण अशा समीकरणांचं. संख्या काड्यांनी पटावर स्तंभांत मांडायच्या आणि एका स्तंभातून दुसरा वजा करत जायचं, आपल्या लोप पद्धतीसारखंच. वजा करताना वाटेत ऋण संख्या येतात, म्हणून ल्यू ह्वेई सांगतो की धन संख्यांना लाल काड्या आणि ऋण संख्यांना काळ्या काड्या घ्या. याच प्रकरणात बैल आणि मेंढ्या विकून डुकरं घेण्याचा प्रश्न आहे. विकलं ते धन, घेतलं ते ऋण. ऋण चिन्हाला तिथं अर्थ आहे, व्यवहाराची दिशा दाखवतं ते. उत्तरातली जनावराची किंमत मात्र धनच: बैल १२००, मेंढी ५००, डुक्कर ३००.

तिला दिलं ते त्याच्या आधीचं, सोपं: पाच बैल आणि दोन मेंढ्यांची किंमत १० ल्यांग सोनं, दोन बैल आणि पाच मेंढ्यांची किंमत ८ ल्यांग सोनं. पुन्हा अदलाबदलीची जोडी. तिनं ती ओळखली. पहिली ओळ लिहिली, 'एका बैलाची किंमत ब ल्यांग सोनं, एका मेंढीची किंमत म ल्यांग सोनं मानू', आणि बेरीज-वजाबाकी केली:

७(ब + म) = १८
३(ब – म) = २

मग बराच वेळ खोडाखोड. शेवटी वही माझ्याकडे सरकवून, "चुकलंय, सर. अपूर्णांक येतोय. ३४ छेद २१."

उणे पाचला जिनं दोन रेघा मारल्या होत्या, ती आता बरोबर आलेल्या उत्तराला चूक म्हणत होती. यात तिचा दोष काय? आम्ही देतो त्या प्रत्येक उदाहरणाचं उत्तर पूर्णांकात येतं. उत्तर 'छान' आलं की बरोबर, हा ताळा तिला आम्हीच शिकवला, आणि –५ हा १५.७८ पेक्षा दिसायला छानच आहे.

"ताळा घे," मी म्हटलं. कुठं, ते सांगितलं नाही.

तिनं ब साठी ३४/२१, मेंढीसाठी २०/२१ घेतले आणि आधी दुसऱ्या समीकरणात ठेवले. ६८/२१ + १००/२१, म्हणजे १६८/२१, म्हणजे ८. मग पहिल्यात: १७०/२१ + ४०/२१, म्हणजे २१०/२१, म्हणजे १०.

"जुळतंय," ती म्हणाली, पण चेहऱ्यावर समाधान नव्हतं. "पण सर, ३४ छेद २१ नाणी देणार कशी?"

नाणी नव्हेत, मी सांगितलं. ल्यांग हे वजन आहे. सोनं तोलून द्यायचं, त्यामुळे अपूर्णांकाचं काही अडत नाही. एका ल्यांगाचे चोवीस झू होतात, ते लहान वजन.

तिनं वहीच्या कडेला काहीतरी भागाकार केला.

"चोवीसला एकवीसनं भाग जात नाही," ती म्हणाली, आणि घंटा झाली.